बेडूक पुसायचा राहिला

कुशाबाला माणसाचं तोंड काढायला सांगायचं नाही, हे शुक्रवार पेठेतल्या त्या छापखान्यात सगळ्यांना पाठ होतं. बाकी काय हवं ते सांगा. विडीच्या बंडलावरचा मोर सांगा, उदबत्तीच्या पुड्यावरचं कमळ सांगा. साठी गाठली तरी त्याची कोरणी लाकडात अशी फिरायची की बघणारा बघतच राहायचा. पण तोंड म्हटलं की गडी दोन्ही हात झटकून मोकळा. "दुसरं काय बी सांगा," म्हणायचा. नव्या माणसांना वाटायचं, म्हातारा विक्षिप्त आहे. होताच तो, पण त्याचं कारण वेगळं होतं आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण हे, की गेली अडतीस वर्षं कुशाबानं कुणाचंही तोंड काढलं तरी ते भिवाजीचं व्हायचं. सुरुवात ठीक व्हायची. नाक बरोबर, मिशा बरोबर. मग डोळे फुगायला लागायचे. तोंड या कानापासून त्या कानापर्यंत फाकायचं, आणि गालावर, नको नको म्हणताना, एक चामखीळ उमटायची. एका बड्या वकिलानं साठाव्या वाढदिवसाला स्वतःचं चित्र करवून घेतलं होतं. ते हातात धरून त्यानं विचारलं, "फार छान. पण हा बेडूक कोण?" त्या दिवसापासून कुशाबानं तोंडांना रामराम ठोकला.

एवढ्यावर भागलं असतं तर म्हातारा सुखानं मेला असता. पण दरवर्षी रंगपंचमीला, चांगल्या भर दुपारी, छापखान्यात ओल्या शेणाचा वास सुटायचा. आसपास गोठा नाही, गाय नाही. शाईचा आणि घासलेटचा वास मागं सारून तो यायचा, आणि कुशाबानं मान वर केली की उंबऱ्यात भिवाजी उभा. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, द्रोणात शेणमातीचा काला. पहिल्या वर्षी त्याचे नुसते पाय ओले होते. धरण भरलं त्या वर्षी तो कमरेपर्यंत भिजून आला. अलीकडे तर मुंडाशातून पाणी ठिबकायचं. तो शिव्या देत नसे, डोळे वटारत नसे. एवढंच विचारायचा, "कुशा, भिंत कुटं हाय रं?" आणि निघून जायचा. बाकीच्यांना दिसायचा नाही, पण उंबऱ्यातलं पाणी शिपायाला फडक्यानं टिपावं लागायचं. छपरातून गळतंय, असं तो म्हणायचा. फाल्गुनात कसलं गळतंय, डोंबल!

साठ साली, रंगपंचमीला चार दिवस असताना, वाल्मीक नावाचा एक तरुण प्राध्यापक छापखान्यात आला. पोरगा हुशार, बोलायला गोड, आणि डोक्यात एकच खूळ. माणसानं माणसाची चित्रातून टर उडवली ती कधीपासून आणि कशी, याचा इतिहास तो लिहीत होता. कुशाबाच्या पुढ्यात त्यानं जमिनीवर चित्रांचा बाजारच मांडला. देवळाच्या खांबावर कुणा खट्याळ पाथरवटानं कोरलेलं, पगडी घातलेलं माकड. चित्रकथीवाल्यांच्या पोथीतला ढेरपोट्या राजा. विलायती पत्रांवरून उचललेली, शिळाप्रेसवर छापलेली साहेबांची चित्रं, नाकं हातभर लांब. मग लाकडी ठशांची साप्ताहिकं. आणि सगळ्यात शेवटी, रद्दीच्या दुकानात सापडलेला एक पिवळा कागद त्यानं अलगद उलगडला.

बेडूक होता. मुंडासं बांधलेला, हात जोडून बसलेला, चढत्या पाण्याकडं बघून खूश झालेला. पाण्याखाली इवलं इवलं गाव बुडत होतं.

"हे तुमचं," वाल्मीक म्हणाला. "बावीस सालचं. पुस्तकात याला पूर्ण पान देणार आहे मी. कुशाबाकाका, अशी रेघ तुमच्याआधी कुणी ओढली नव्हती हो, आणि नंतरही नाही."

कुशाबानं कागदावरून नजर काढून घेतली. पण खोटं कशाला सांगू, आत कुठंतरी म्हाताऱ्याला गुदगुल्याही झाल्या. चित्र होतंच तसं. एका बैठकीत कोरलेलं, एक रेघ इकडची तिकडं नाही. जन्मभर विड्यांचे मोर कोरणाऱ्या माणसाला कुणी पूर्ण पान देतो म्हटलं तर त्यानं काय करावं?

"तुमच्या या इतिहासात आमची निवळीची भिंत न्हाई ती?" त्यानं विचारलं.

"कसली भिंत?"

निवळी म्हणजे कुशाबाचं गाव. मुळशीच्या खोऱ्यात होतं, आता धरणाच्या पोटात आहे. त्या गावात चावडीची एक भिंत शिमग्याची म्हणून राखलेली असायची. होळी विझली की तिच्यातला कोळसा घ्यायचा आणि ज्याची टर उडवायची त्याला त्या भिंतीवर काढायचं. पाटील असो नाहीतर कुणी असो. चिकट सावकाराची जळू व्हायची, भांडकुदळ सासूची टिटवी. पाच दिवस सगळ्या गावानं पोट धरून हसायचं आणि चित्रातल्यानं रागवायचं नाही. मग रंगपंचमीला त्यानं शेणमातीचा काला घेऊन यायचं आणि आपलं चित्र आपल्या हातानं पुसायचं. तो पुसत असताना गावानं पाठ फिरवायची, कारण पुसणाऱ्याचं तोंड बघायचं नसतं. पुसून झालं की ज्यानं चित्र काढलं त्यानं तांब्यानं त्याच्या हातावर पाणी घालायचं, गुळाचा खडा द्यायचा, आणि विषय संपला. पुन्हा वर्षभर त्या नावानं कुणी हाक मारायची नाही. चित्र पुसायचं राहिलं तर मात्र ते माणसाच्या अंगावर बसतं, असं जुनी माणसं सांगायची. आणि काढणाऱ्याचं घर वाळीत पडायचं. त्याच्या घरच्यांना पाणवठा बंद, होळीचा विस्तवसुद्धा बंद.

वाल्मीकनं हे ऐकून घेतलं आणि हळहळला. "काय सुंदर रीत! पण काका, भिंतीचा पुरावा उरत नाही ना. इतिहासाला उरलेलंच लागतं."

"आमच्याकडं ते उरू नये म्हणूनच सगळा खटाटोप हुता, मास्तर," कुशाबा म्हणाला. पण त्यानं 'नको' म्हटलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो. 'छापू नका' म्हणायला तोंड होतं त्याला. त्याऐवजी तो म्हणाला, "ज्याचं चित्र, त्याच्या घरच्यांना विचारून येतो." वाल्मीकनं तो पिवळा कागद त्याच्या हवाली केला. त्या रात्रीच कुशाबानं ट्रंकेच्या तळातून फडक्यात गुंडाळलेला लाकडी ठसा काढून पिशवीत टाकला. छापखान्यात उंबऱ्याकडं बघत बसण्यापेक्षा यंदाची रंगपंचमी मुळशीत काढावी, असंही त्याच्या मनात असणार.

आता भिवाजी कोण, ते ऐका. निवळीचा शेतकरी. दोन वेळची भाकरी सुटत नव्हती एवढाच काय तो श्रीमंत. निसर्गानं त्याला डोळे बटबटीत दिले होते, तोंड ऐसपैस दिलं होतं, आणि डाव्या गालावर वाटाण्याएवढी चामखीळ. त्यामुळं शिमग्याच्या भिंतीवर तो दरवर्षी ठरलेला. आणि गडी असा दिलदार, की पुसायला यायचा तो आधी चित्रापुढं उभा राहून स्वतःच खदखदा हसायचा. "आरं, माझं म्हसरू ह्याच्यापरीस देखणं हाय!" म्हणायचा. कुशाबाचा हात ओळखला तो त्यानंच. बाप मेलेल्या, पंधरा-सोळा वर्षांच्या कुशाबाला त्यानं निवळीहून पुण्यापर्यंत चालवत आणला आणि हैबतरावाच्या छापखान्यात चिकटवला. हैबतराव म्हणजे तेव्हाचा मालक आणि त्याच्या साप्ताहिकाचा संपादकही. "पोरगं कोळशानं काढतंय, त्याला शाई द्या," एवढं सांगून भिवाजी आल्या पावली चालत गेला. मागं गावात कुशाबाची आई, सगुणाबाई, एकटी राहिली. तिच्या छपरावर पेंढा घालायचा तोही भिवाजीच. कुशाबा त्याला तात्या म्हणायचा.

मग धरण आलं. सत्याग्रह पेटला, माणसं तुरुंगात गेली. बावीस सालच्या होळीच्या आठवड्यात हैबतराव बातमी घेऊन आला, की निवळीच्या एकानं जमीन द्यायच्या कागदावर सगळ्यांच्या आधी अंगठा उठवला. कोण? भिवाजी. कुशाबा बावीस वर्षांचा, रक्त गरम. त्यानं गावी जाऊन विचारलं का? अहो, कुठलं! त्यानं कोरणी उचलली. ठसा नेहमी उलटा कोरायचा असतो, म्हणजे कागदावर सुलटा उमटतो. संतापाच्या भरात गडी तेही विसरला आणि डाव्या गालाची चामखीळ लाकडावर डाव्याच गालाला कोरून बसला. छापली ती उजव्या गालावर. तेवढी एक चूक सोडली तर चित्र बिनतोड होतं. अंक हातोहात खपला. लोकांनी पौडच्या बाजारापर्यंत भिंतींवर तो बेडूक चिकटवला.

पुढं महिन्याभरानं कळलं, की भिवाजीनं अंगठा उठवला होता तो एका अर्जावर. पाणी येण्याआधी वाघजाईचं ठाणं वर डोंगरावर हलवू द्या, एवढाच तो अर्ज. साप्ताहिकानं चार ओळींचा खुलासा छापला. चार ओळी कोण वाचतो? बेडूक सगळ्यांनी पाहिला होता.

पण त्याच्या आधी, त्या सालच्या रंगपंचमीला, काय झालं ते कुशाबा मरेपर्यंत विसरणार नव्हता. भर दुपारी भिवाजी छापखान्याच्या दारात आला. रात्रभर चाललेला, पायांवर धूळ, हातात पळसाचा द्रोण. द्रोणातला काला वाटेत सुकू नये म्हणून त्यानं ठिकठिकाणी पाणी शिंपडून ओला ठेवला होता. त्यानं सगळ्यांना रामराम केला आणि विचारलं, "माझं चित्र काढलंया म्हनं पोरानं. पुसाया आलोय. भिंत कुटं हाय?"

छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे हसून हसून लोळले. हैबतरावानं कोपऱ्यातली, नव्यानं छापलेल्या अंकांची चळत दाखवली. "ही बघ तुझी भिंत. हजार इथं, हजार गावात गेल्या. कुठली पुसतोस?"

भिवाजी त्या चळतीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "कुशा कुटाय?"

कुशाबा दहा हातांवर होता. मशीनमागं, उकिडवा, श्वास धरून. शरमेनं म्हणा, भीतीनं म्हणा, त्याचे पायच उचलेनात. हैबतरावानं त्याला पाहिलं आणि डोळा घालून सांगितलं, "बाहेर गेलाय." भिवाजी घटकाभर उभा राहिला. "आला की सांगा, तात्या येऊन गेला," म्हणाला, आणि ओला द्रोण तसाच हातात घेऊन पायऱ्या उतरला.

आणि आता ऐका. तो ठसा, ते लाकूड, ज्याच्यावर चित्र खरोखर कोरलेलं होतं, ती एकच एक भिंत, त्या वेळी कुशाबाच्या मांडीवर होती. साफ करायला घेतली होती त्यानं. चार पावलं पुढं येऊन ती तात्यापुढं धरली असती तर काम झालं असतं. हे त्याला कळलं तेव्हा भिवाजी पेठेच्या बाहेर पडला होता. दोन वर्षांनी तो मेला, आणि त्यानंतर निवळीत पाणी शिरलं. कुशाबा पुन्हा त्या बाजूला फिरकला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही.

रंगपंचमीच्या सकाळी मुळशीतल्या माले गावी एसटीतून उतरून कुशाबा चालत निघाला. ऊन चढलं होतं, करवंदीला हिरवी फळं धरली होती. त्या वर्षी धरणाचं पाणी लवकर उतरलं होतं. वळणावरून खाली बघितलं तर चिखलाच्या पट्ट्यात काळे दगड रांगेनं बसलेले दिसले. निवळीची चावडी. छप्पर केव्हाच गेलेलं, पण एक भिंत पुरुषभर उंच अजून उभी होती. कुशाबानं नजर फिरवली आणि चढ चढायला लागला. आपल्या पावलांमागं आणखी कुणाची तरी ओली पावलं वाजताहेत असं त्याला सारखं वाटत होतं. मागं बघायचा धीर त्याला झाला नाही.

वर डोंगराच्या पोटाला बुडिताच्या लोकांची वाडी होती, पंधरा-वीस घरं. वाघजाई तिथंच, एका आंब्याखाली. म्हणजे अर्ज मंजूर झाला होता तर. भिवाजीची लेक धोंडाबाई नवऱ्यामागं माहेरीच येऊन राहिली होती. पन्नाशीची, काटक, डोळे बापाचे. दारात नाचणी पाखडत होती.

"कोन पायजे?"

"मी कुशाबा. निवळीचा. सगुणाबाईचा." पुढचं त्यानं मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. ती सूप फेकून मारेल, शिव्या देईल, कुत्रं अंगावर सोडेल. ते सगळं सोसायचं आणि मगच बोलायचं.

धोंडाबाईनं सूप खाली ठेवलं, पदर सावरला आणि पुढं होऊन चक्क त्याच्या पायाला हात लावला. "कुशादादा? आगं बया! बसा, बसा. आज सनाच्या दिशी आला! मी म्हनायची, ह्यो मानूस एकदा तरी येईल."

कुशाबाला काही समजेना. तिनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं आणि त्याच्यासमोर बसून बोलायला लागली. अडतीस वर्षांचं साठलेलं होतं तिच्याजवळ.

"तुमच्या त्या कागदानं गावात लई दंगा झाला व्हता, दादा. मी बारा वर्साची. लोक म्हनले, सगुणेच्या पोरानं भिवाजीला बेडूक केला, आता तो पुसायचा कसा? तुमच्या आईचा पानवटा बंद करायची भाषा निघाली. तवा बा म्हनला, थांबा, मी पुसून येतो. गेला की चालत. दुसऱ्या दिशी परत आला, ते समद्यांना चावडीवर गोळा करून म्हनला, 'पुसलं. कुशानं सोता पानी घातलं हातावर. लई रडला पोरगा. ह्यो बघा त्याचा गूळ.' आन् मुंडाशाच्या सोग्यातनं ही येवडी ढेप काढली. साऱ्या गावाला वाटली. मला दोन खडं मिळालं."

कुशाबानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"त्या दिसापास्नं गावात कुनी बाला बेडूक म्हनलं न्हाई. भाईरची म्हनायची, त्यांची तोंडं कोन धरनार? पर आपल्या मानसांनी न्हाई. तुमची आई मेली तवा खांदा द्याया सारं गाव व्हतं. बानंच तिला पानी दिलं, तुमच्या नावानं."

अडतीस वर्षं कुशाबाला कोडं पडलं होतं, की गावानं आईला वाळीत कसं टाकलं नाही. धोंडाबाई आपल्याच नादात होती.

"एकच गोष्ट मला कळली न्हाई, दादा. शेवटाला तापात बा हात धूत बसायचा. 'धोंडे, पानी घाल. हात शेनाचं हायेत,' म्हनायचा. हात निर्मळ असायचं वो! मी कळशीवर कळशी वतली. तरी म्हनायचा, 'तू न्हवं. तुज्या हातनं निघत न्हाई.' तसाच गेला बिचारा, हात पुढं धरून." तिनं डोळे पुसले आणि हसली. "जाऊ द्या. ते चित्र तेवडं बघाया पायजे व्हतं मला. बा सांगायचा, लई झकास काढलं व्हतं पोरानं. पर आता कुटलं बघाया मिळनार, पुसलं न्हवं का!"

पिशवी कुशाबाच्या मांडीला चिकटून होती. आत वाल्मीकचा कागद, आत ठसा. बोललं नाही तर चालण्यासारखं होतं. ही बाई त्याला जेवू घालणार होती, देवासारखा मानणार होती, आणि त्याचं पूर्ण पान त्याला मिळणार होतं. कुडाच्या भिंतीपाशी गार हवा होती. त्या हवेला ओल्या शेणाचा वास यायला लागला.

"धोंडाबाई," तो म्हणाला. "पुसलं न्हाई गं. मी पानी घातलं न्हाई. तात्या दारात उभा हुता अन् मी मशीनमागं लपलो हुतो."

धोंडाबाईनं एकच विचारलं.

"मग तो गूळ?"

कुशाबानं मान हलवली.

"म्हंजे बानं इकत घेतला," ती सावकाश म्हणाली. "पुन्याच्या बाजारात. हातात तसाच काला आसंल आन् बा गूळ इकत घेत व्हता." आणि मग ती रडली. बापाच्या मरणाला रडली नसेल अशी, तोंडात पदर कोंबून. कुशाबाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं कागद काढला, ठसा काढला आणि तिच्यापुढं ठेवला. दुसरं काय होतं त्याच्याजवळ?

बऱ्याच वेळानं तिनं कागद हातात घेतला. "ह्यो बा न्हवं," ती म्हणाली. "चामखीळ उलट्या गालाला हाय." मग ठसा उचलून उजेडात धरला, आणि रडता रडता तिला हसूच फुटलं. "ह्यो हाय! ह्यो अस्साच बसायचा, नदीच्या कडंला! आगं आई गं, मुंडासं बी तसंच!" तिनं लाकडावरच्या गालावरून बोट फिरवलं. मग ती उठली आणि घरात गेली. हाकलून द्यायला काठी आणते की काय, असं कुशाबाला वाटलं. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात शेणमातीच्या काल्याची पाटी होती आणि दुसऱ्या हातात भरलेला तांब्या.

"चला," ती म्हणाली. "दिस मावळला न्हाई अजून. आज पंचमी हाय."

दोघं उतार उतरली. तापलेल्या चिखलाला भेगा पडल्या होत्या, त्यात पाय रुतत होते. चावडीची भिंत जवळून काळीभोर दिसत होती, शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेले. धोंडाबाईनं ठसा भिंतीच्या कोनाड्यात उभा केला, तोंड बाहेर करून. पाटी खाली ठेवली.

"तू पूस की," कुशाबा म्हणाला. "तू त्याच्या रक्ताची."

"माजं चित्र हाय का ते? ज्याचं त्यानंच पुसायचं." तिनं पाण्याकडं तोंड केलं आणि शेताच्या बांधावरून हाक मारावी तशी हाक मारली. "बाऽ! ये रं! भिंत घावली!"

मग तिनं पाठ फिरवली. कुशाबानंही फिरवली. पुसणाऱ्याचं तोंड बघायचं नसतं.

वारा पडला होता. टिटवी ओरडत होती ती गप्प झाली. पहिल्यांदा पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. मग ओल्या चिखलातून पावलं आली, जवळ आली, कुशाबाच्या कोपराशेजारून गेली. ओल्या मुंडाशाचा वास आला. पाटीत हात बुडाल्याचा आवाज आला, आणि मग लाकडावरून तळवा फिरायला लागला. सरर. सरर. सावकाश, घाई नाही. मध्येच कुणीतरी खदखदून हसलं. ते हसणं कुशाबानं लहानपणी दहा शिमग्यांना ऐकलं होतं. पळावं, लपावं, असं सगळं अंग सांगत होतं.

"दादा," धोंडाबाई न वळता कुजबुजली, "झालं. पानी घाला."

कुशाबा वळला. भिंतीपाशी कुणी नव्हतं. कोनाड्यातला ठसा शेणानं लिंपला होता, आणि त्यावर पाच बोटं उमटली होती. धोंडाबाईचे हात कोरडे होते. त्याचेही. तांब्या उचलून तो चार पावलं पुढं गेला, अडतीस वर्षांपूर्वी जी पडली नव्हती ती, आणि रिकाम्या जागी धार धरली. "तात्या, घे," त्याला एवढंच बोलता आलं. तांब्या संपेपर्यंत त्यानं पाणी घातलं. खालच्या दगडावर थेंब पडला नाही. दगड कोरडा ठणठणीत राहिला.

"आता गूळ," धोंडाबाई म्हणाली.

कुशाबानं पिशवी चाचपली. गूळ कुठला? पिशवीत नव्हता. कागद आठवणीनं आणला होता, ठसा आणला होता, सही घ्यायला दौतसुद्धा आणली होती, आणि गड्याला गूळ आणायचं सुचलं नव्हतं.

धोंडाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग पदराची गाठ सोडून गुळाचा एक खडा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "तुमीच आनलाय," ती म्हणाली. "द्या त्याला. तुमच्या हातानं द्या."

कुशाबा लहान पोरासारखा रडला. रडत रडत त्यानं हात पुढं केला. तळव्याला काहीतरी ओलं, गार, खरबरीत लागलं, नांगर धरलेल्या बोटांसारखं. हात हलका झाला. खाली पाहिलं तर ओली पावलं पाण्याकडं जात होती, आणि तीही उन्हानं सुकत चालली होती.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात वाल्मीक वाटच बघत बसला होता. "दिली का परवानगी?" म्हणून धावत आला. कुशाबानं ठसा त्याच्यापुढं ठेवला. काला वाळून लाकडाच्या रेघारेघांत दगडासारखा बसला होता.

"काका, हे काय केलंत! आणि माझा कागद?"

"कागद धोंडाबाईच्या चुलीत गेला."

"अहो, पण मी पुस्तकात लिहू काय आता?"

कुशाबानं पाट पुढं ओढला, कोरणी घेतली आणि कामाला बसला.

"लिवा," तो म्हणाला, "की चित्र हुतं. तात्यानं पुसलं. पानी मी घातलं."